सीट वर करा, सायकल विकू नका

"डॉक्टर, गुडघ्यातलं ग्रीस संपलंय." ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य रोज कानावर येतं, आणि पाठोपाठ दुसरं: "म्हणून सायकल सोडली."

वाचकहो, गुडघ्यात ग्रीस नसतं. तिथलं वंगण गुडघ्याचं अस्तर स्वतःच तयार करतं. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. पाय हलला की ती स्पंजासारखी दाबली जाते, सुटते आणि त्या वंगणातूनच आपलं पोषण घेते. पाय हलवणंच बंद केलंत तर हे पोषण कमी पडतं, मांडीचे स्नायू बारीक होतात आणि भार सांध्यावर येतो. सायकलवर तर अंगाचं बरंचसं वजन सीट पेलते.

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय 62. तीस वर्षं त्या सायकलनं शाळेत गेल्या, आता सायकल जिन्याखाली चादरीत गुंडाळून ठेवलेली. सहा महिने भेंडीचं पाणी, पारिजातकाच्या पानांचा काढा, बाभळीच्या शेंगांची पूड, मोबाईलनं सांगितलं ते सगळं करून झालं होतं. वर कुणीतरी दिलेल्या पुड्या. ज्या शहरात 1957 पासून एलएनआयपीईसारखी शारीरिक शिक्षणाची संस्था उभी आहे, तिथं लोक गुडघ्याचा सल्ला मोबाईलला विचारतात, याचा मला खरंच राग येतो. दोन दिवसांत आराम देणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉईड असू शकतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. दुखण्याच्या गोळ्याही मनानं महिनोन्‌महिने घेऊ नका, मूत्रपिंडं जाऊ शकतात.

त्यांच्या एक्स-रेमध्ये वयाला साजेशी झीज होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "बाई, उद्या सायकल घेऊन या." आणली. सीट पार खाली बसवलेली, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. अशा सीटवर पायडल वर आलं की गुडघा पोटाशी येतो आणि वाटीवर दाब पडतो. दुखणार नाही तर काय! कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं पाना लावून सीट चार बोटं वर घेतली. तुम्हीही घरी पाहा: पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा, कंबर न कलता. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढा हवाच. पडायची भीती वाटत असेल तर आठवड्याला एकेक बोट वर घ्या. गिअर असतील तर हलका गिअर लावा.

त्या दिवशी बाई सीटवर हात ठेवून म्हणाल्या, "घरून शाळेपर्यंतची वीस मिनिटं मला कुणी हाक मारायचं नाही, डॉक्टर." मी गप्प झालो. कॉलेजात असताना पडावचा पूल मीही सायकलनंच चढायचो. स्कूटर आली, मग गाडी, आणि ती सकाळची माझी वेळ कुठं गेली ते कळलंही नाही. त्याच आठवड्यात मी सायकल घेतली.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरेत. मे-जूनमध्ये सकाळी सातच्या आत घरी या. धुक्याच्या दिवसांत मागचा लाल दिवा लावल्याशिवाय निघू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

पण गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, मध्येच अडकला किंवा एकदम दगा देऊ लागला, तर सायकल ठेवून दवाखाना गाठा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर चोळत बसू नका, तीही लगेच दाखवा. आणि चालवताना छातीवर दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखला, घाम फुटला, तर कृपा करून "गॅस आहे" म्हणू नका. तिथंच थांबा, 108 ला फोन करा.

परवा बाई रक्तदाब दाखवायला आल्या. सलवारीच्या उजव्या पायावर साखळीच्या तेलाचा काळा पट्टा. गुडघ्याचं विचारलं.

"चढावर दुखतो अजून," म्हणाल्या. "मग उतरते आणि हातात धरून नेते."