‘लक्षात राहत नाही’ म्हणण्याआधी

पालकहो,

पालकसभा आटोपली, वर्ग रिकामा झाला की एखादी आई दाराशी घुटमळते आणि हळूच विचारते, "बाई, ह्याच्या काही म्हणजे काही लक्षातच राहत नाही हो. बदाम भिजवून देते, तरी नाही. काय करू?" ज्या मुलाबद्दल ती बोलत असते, त्याला मी मधल्या सुट्टीत पाहिलेलं असतं. कालच्या सामन्यात कोणी किती धावा काढल्या, कोण कसा बाद झाला, सगळं तो घडाघडा सांगत असतो. मग हा विसरतो म्हणजे नेमकं काय विसरतो?

या प्रश्नाला एका माणसाच्या आयुष्याने उत्तर दिलं आहे. त्याचं नाव हेन्री मोलेसन. लहानपणापासून त्याला फिट्स येत. त्या थांबाव्यात म्हणून १९५३ साली अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डमध्ये, डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा भाग त्यांनी काढून टाकला, आणि त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा हिस्सा गेला. हेन्री तेव्हा २७ वर्षांचा होता. फिट्स खूप कमी झाल्या, पण त्या दिवसानंतर नवी आठवण म्हणून त्याच्यापाशी टिकेना. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाई माँट्रिअलहून त्याला तपासायला वर्षानुवर्षं येत राहिल्या. त्याच्या लेखी प्रत्येक भेट पहिलीच. बालपण मात्र त्याला आठवे. बोलणं नीट, बुद्धी शाबूत. एखादी संख्या तो मनातल्या मनात घोळवत ठेवू शके. लक्ष दुसरीकडे गेलं की ती संख्या गेली, आणि आपल्याला ती सांगितली होती हेही गेलं.

मिल्नरबाईंनी त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी, तिच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची, पण कागदाकडे थेट न पाहता फक्त आरशात पाहून. करून बघा, हात भलतीकडेच वळतो. हेन्रीचाही वळला. तीन दिवस सराव झाला, चुका कमी कमी होत गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्याने चांदणी सफाईने काढली. आपण हे काम पूर्वी केलं आहे, हे त्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं. हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं.

तेव्हापासून हे कळत गेलं की स्मरणशक्ती म्हणजे एकच रांजण नाही. काल काय घडलं, धड्यात काय वाचलं, हे जपून ठेवायला सुरुवातीला हिप्पोकॅम्पस लागतो. सायकल, पोहणं, पेटीवर फिरणारी बोटं यांची शिकवण डोक्याच्या मागे असलेल्या लहान मेंदूत आणि खोलवरच्या बेसल गँग्लियात मुरते. म्हणून सायकल तोंडी समजावून येत नाही, ती पडूनच येते.

"दप्तर भर, बाटली घे, आणि जाताना आजीला सांग" यातलं तिसरं काम राहून जातं ना? ते क्षणभर धरून ठेवणं हे कपाळामागच्या भागाचं काम. हा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते. दुसरीतल्या मुलाला यावरून ‘बेफिकीर’ म्हणू नका. एका वेळी एक काम सांगा.

आता मला ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं, त्याकडे येते. मेंदूत अमिग्डला नावाचा एक भाग आहे, आकाराने बदामासारखा. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थच बदाम. भीतीची नोंद इथे होते, आणि फार पक्की होते. जिनिव्हाचे डॉ. एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एका स्त्री-रुग्णाची हकीकत लिहून ठेवली आहे. तिला नवं काही आठवत नसे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. पुढच्या वेळी तिने हात पुढे करायला नकार दिला. आधी काय घडलं होतं, हे मात्र तिला आठवत नव्हतं.

मी चौथीत असताना भागाकार चुकला म्हणून गुरुजींनी पट्टीने हातावर मारलं होतं. गणित कोणतं होतं, काही आठवत नाही. पण लांबलचक भागाकार समोर आला की आजही माझी बोटं आखडतात. आपण संध्याकाळी डोळे वटारून पाढे म्हणून घेतो, तेव्हा त्या बदामाएवढ्या भागात काय लिहिलं जात असेल? पाढा की आपला आवाज? घाबरलेल्या मुलाला येत असलेलंही आठवत नाही, हे मी वर्गात रोज पाहते.

लक्षात राहायला झोपही लागते. दिवसभराचं शिकणं झोपेत पक्कं होतं. चाचणीच्या आदल्या रात्री मुलाला अकरापर्यंत जागवून तुम्ही त्याचा अभ्यास वाढवत नाही, मोडता. आणि धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावण्यापेक्षा पुस्तक मिटून "मला सांग बरं" म्हणा. आठवून सांगितलेलं जास्त दिवस टिकतं.

एक मात्र मनावर घ्या. मूल आधी येत असलेलं विसरू लागलं, बोलणं किंवा चालणं मागे जाऊ लागलं, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जा.

पुढच्या पालकसभेला येताना एका कागदावर दोन रकाने करून आणा: मुलाच्या काय लक्षात राहत नाही, आणि काय राहतं. दुसरा रकाना आधी भरा. आपण दोघी-तिघी बसून तो वाचू.