गावात बोलायला जाताना

पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे नगर-नाशिककडच्या गावांत व्याख्याने देत मी बरीच वर्षे फिरतो आहे. विषय कायदा. नव्याने या कामात येणाऱ्या प्राध्यापकांसाठी थोडे अनुभवाचे.

१. सभागृह नको. महाविद्यालयात सकाळी अकराला व्याख्यान ठेवले की समोर दुसऱ्या वर्षाची पोरे बसतात, तीही तास बुडाल्याच्या आनंदात. फोटो छान येतात, अहवाल भरतो. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते मात्र शेतात असतात. मारुतीच्या देवळासमोर, जेवणं उरकल्यावर बोला.

२. तारीख देण्याआधी शेतीपंपांच्या विजेची पाळी विचारा. रात्रीची लाइट असली की गडीमाणसे दारे धरायला गेलेली असतात. बाजारचा दिवस, कांदाकाढणी, हरिनाम सप्ताहही टाळावा. सप्ताहाचे उपकार मात्र आपल्यावर आहेत. कीर्तन ऐकून तयार झालेला हा श्रोता दोन तास हलत नाही आणि वक्ता पाल्हाळ लावतोय हे त्याला आपल्याआधी कळते.

३. विषय गावाला निवडू द्या. महाविद्यालयातल्या बहिःशाल केंद्राकडून ‘व्यक्तिमत्त्व विकास’ आणि ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’ हमखास सुचवले जातात. गावाला विचारले तर सातबारा, बांधाचे भांडण, पीकविमा निघतो. मी बहुतेक वेळा बहिणींच्या हक्कसोडीवर बोलतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हिस्सा, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने ठरले. वडील त्याआधी वारले असले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. एवढे सांगितले की पुरुषांच्या बाजूला चुळबुळ सुरू होते आणि बायकांच्या बाजूला टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. ‘मग भावाने माहेर तोडलं तर?’ या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही, आणि ते नाही म्हणून सांगावे. ‘सही करून बसलेय, आता काय?’ याला मात्र आहे. नोंदलेले हक्कसोडपत्र तोंडी फिरवता येत नाही. फसवून सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालय गाठावे लागते, तेही मुदतीत. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हे वाक्य मी दोनदा सांगतो.

४. प्रश्न चिठ्ठीवर घ्या. दीर, सासरे समोर असताना कोणती सून माइक हातात घेईल? ही युक्ती माझी नाही. केंब्रिजचा तरुण फेलो जेम्स स्टुअर्ट १८६७ मध्ये उत्तर इंग्लंडच्या शहरांत स्त्रियांना खगोलशास्त्र शिकवायला गेला. परक्या तरुणाने बायकांशी तोंडी प्रश्नोत्तरे करणे तिथल्या मंडळींना प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने प्रश्न लेखी केले. पुढे १८७३ मध्ये केंब्रिजने अशा व्याख्यानांची रीतसर व्यवस्था लावली. जगभरच्या बहिःशाल कामाचा उगम तिथे मानतात. व्हिक्टोरियन इंग्लंडची अडचण आपल्या वस्तीवर अजून शिल्लक आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी हळूच गाठतात. म्हणून शेवटची एसटी पकडायची घाई असेल तर जाऊच नये.

५. हार, नारळ, परिचय, सरपंचांचे मनोगत: पंधरा मिनिटे. त्यापुढे बायका उठू लागतात.

६. एका रात्रीत काही शिकवून होत नाही. तीन गावांत एकेक व्याख्यान देण्यापेक्षा एका गावात तीन द्यावीत, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या खेपेला लोक कागद घेऊन येतात. फेरफार, खरेदीखत, कुणी आजोबांच्या काळातले वाटणीपत्र. खरा वर्ग तिथून सुरू होतो.

मानधन बेताचेच असते, ते गृहीत धरा. आणि गावकऱ्यांनो, जवळच्या महाविद्यालयात बहिःशाल केंद्र आहे का, ते प्राचार्यांना विचारा. असेल तर विषय तुम्ही सुचवा, आणि जागा गावातलीच मागा.