परदेशी निघण्याआधीचे सहा महिने

पुणे,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात दादा-वहिनींना स्वित्झर्लंड दाखवायचे तू ठरवलेस, हे ऐकल्यापासून मन भरून आले आहे. वडूजच्या आपल्या घरातून आजवर पंढरपूर, तुळजापूर, फार तर काशी-रामेश्वर इथवरच माणसे फिरली. आता तू, स्नेहल, पाच वर्षांची ओवी आणि तिचे आजी-आजोबा आल्प्स बघणार. जरूर जा. पण परवा फोनवर म्हणालास, "आत्या, अजून सहा महिने आहेत, मार्चमध्ये बघू." त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मार्चमध्ये बघू नकोस, आजपासून बघ.

सहलीतल्या काही गोष्टी तिथे गेल्यावर दुरुस्त होत नाहीत. पासपोर्टवरचे चुकलेले नाव, घरी राहिलेली साखरेची गोळी, न काढलेला विमा. काही गोष्टी तिथेच सहज ठरतात. कोणती बोट धरायची, कुठे जेवायचे, पाऊस आला तर काय करायचे. माणसे नेमके उलटे करतात. तिथल्या प्रत्येक तासाचा तक्ता महिनाभर आधी तयार असतो आणि वडिलांच्या पासपोर्टचा अर्ज मात्र भरलेला नसतो. तू पहिल्या प्रकारच्या गोष्टींवर सगळी मेहनत घे आणि दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी खुशाल सैल सोड.

आधी तारीख. तुझे कृषी सेवा केंद्र आहे. मृगाच्या आधीचे तीन आठवडे बियाण्या-खतांची गर्दी असते, आणि सात जूनला मृग लागताना दादा शिवारात नसेल तर त्याचा जीव थाऱ्यावर राहणार नाही. म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यातच जाऊन या. त्या दिवसांत तिकडे खाली हिरवळ आणि वर बर्फ असे दोन्ही दिसते. मात्र एप्रिल-मेमध्ये तिथल्या काही केबलकार वार्षिक दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेवढ्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घे.

आता कागद. खरा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दादा-वहिनींचे पासपोर्ट नाहीत. अर्ज करण्याआधी त्या दोघांचे आधार, पॅन, शाळेचा दाखला आणि बँकेचे पासबुक एका टेबलावर मांड आणि नावाचे एकेक अक्षर ताडून बघ. आपल्याकडे आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर मधले नावच नाही, तिसऱ्यावर वहिनीचे माहेरचे नाव, असे प्रत्येक घरात असते. जन्मतारखेचेही तेच. त्या पिढीत गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट एक जून लिहिले, आणि आधार काढताना कुणी भलतीच तारीख सांगितली. ही तफावत अर्जाआधी मिटवायची. आधारवरचे नाव किंवा तारीख दुरुस्त व्हायला वेळ लागतो, आणि त्यावरच बाकी सगळे अडते. पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरलेले हवेत. आडनावाचा रकाना रिकामा राहिलेला एकेरी नावाचा पासपोर्ट संयुक्त अरब अमिराती २०२२ च्या नोव्हेंबरपासून पर्यटन व्हिसासाठी स्वीकारत नाही. आज तुला दुबईला जायचे नसेल, पण पासपोर्ट दहा वर्षांचा असतो.

आपला जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाकडे येतो. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यायची, मूळ कागद घेऊन जायचे, मग पोलीस पडताळणी. वडूज पोलीस ठाण्यातून फोन येईल तेव्हा दादा गावातच असू दे. ओवीचा पासपोर्ट पाच वर्षांचाच निघतो आणि त्यासाठी तुम्हा दोघांची संमती लागते. तुझा आणि स्नेहलचा आहे, तो काढून मुदत बघ. युरोपातून परतण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असायला हवा, आणि इतर अनेक देश सहा महिने मागतात. त्यामुळे सहा महिन्यांचाच हिशेब धर.

पासपोर्ट हातात आले की शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण कागद अडला तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाऊ शकतात. शिवाय उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीची वेळच मिळत नाही. म्हणून मी फेब्रुवारी म्हणते. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. मोठ्यांना ९० युरो शुल्क आहे, सहा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. बोटांच्या ठशांसाठी दादा-वहिनींना स्वतः जावे लागेल, तेव्हा सगळ्यांची भेट एकाच दिवशी घे. म्हाताऱ्या माणसांना दोनदा हेलपाटा नको.

दादाचे उत्पन्न शेतीचे. त्यावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्रही नाही, आणि व्हिसा अधिकाऱ्याला सातबारा म्हणजे काय ते ठाऊक नाही. सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर करून घे, ऊसबिल जमा झालेले बँक खाते दाखव आणि 'आई-वडिलांचा खर्च मी करणार' असे तुझे पत्र तुझ्या विवरणपत्रांसह जोड. ऐनवेळी कुणाकडून उसने घेऊन खात्यात मोठी रक्कम भरू नकोस. अशी रक्कम लगेच डोळ्यात भरते आणि संशयच वाढवते. व्हिसा मिळण्याआधी परत न मिळणारे विमानाचे तिकीट काढायचे नाही, मग ते कितीही स्वस्त असो.

शेंगेनसाठी निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. सगळे जण सर्वांत स्वस्त पॉलिसी घेऊन मोकळे होतात. तू तसे करू नकोस. दादाला रक्तदाब आणि साखर दोन्ही आहेत. ते अर्जात स्वच्छ लिही आणि आधीपासूनच्या आजारावर तिथे उपचार लागले तर पॉलिसी काय देते, ते लेखी विचार. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जादा घे, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि हातातल्या पिशवीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असू दे, कारण आपल्या दुकानातले ब्रँड तिकडे कुणी ओळखत नाही. मेमध्ये तिकडचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे.

तू युंगफ्राउयोखचे नाव घेतलेस. ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे दुपटीहून उंच, आणि तिथे हवा विरळ. दादाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते तिकीट काढायचे नाही. त्यांनी नको म्हटले तर वाईट वाटून घेऊ नकोस. ल्युसर्नजवळ रिगी नावाचा डोंगर आहे. तिथली दातेरी रुळांची रेल्वे १८७१ साली सुरू झाली, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे ती. उंची कळसूबाईहून थोडी जास्त, वरून सरोवरे आणि बर्फाची शिखरे दिसतात, आणि स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ती आख्खी येते. युंगफ्राउयोखला त्या पासवर नुसती सवलत मिळते. तुमच्या पाच जणांसाठी मला रिगीच बरी वाटते.

दोघांची शरीरेही आतापासून तयार कर. तिकडे दगडी फरसबंदीवरून आणि स्टेशनांतून दिवसभर चालावे लागते. रोज सकाळी दोघांना नदीकडच्या रस्त्याने चालायला लाव, आधी अर्धा तास, मग तासभर. ज्या बुटांनी जायचे तेच बूट घालून. व्यायामाचे महत्त्व औंधच्या शेजारच्या माणसांना मी काय सांगू? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९३६ साली इंग्लंडला गेले, तेव्हा तिथल्या पत्रकार लुईस मॉर्गन यांना त्यांच्या सूर्यनमस्कारांचे इतके कौतुक वाटले की पुढे १९३८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक निघाले. त्याच वर्षी औंधचे संग्रहालयही उभे राहिले. निघण्याआधी एका रविवारी सगळ्यांना घेऊन तिथे जा. हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे शिल्प तिथे आहे. युरोपातली कला आधी आपल्याच तालुक्यात बघितली की वहिनीला तिकडच्या संग्रहालयात परके वाटणार नाही.

सामानाबद्दल वहिनीला तूच प्रेमाने सांग, कारण ती डबे भरायला लागली की कुणाचे ऐकत नाही. सातारी कंदी पेढे न्यायचे नाहीत. दूध आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून युरोपात न्यायला बंदी आहे, स्वित्झर्लंडलाही तेच, म्हणून तूपही नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चेक-इन सामानात चालत नाहीत. त्यात तेल असते आणि ते पेट घेऊ शकते. आणि खसखस तर अजिबात नको. दुबईमार्गे तिकीट स्वस्त पडते म्हणालास. अमिरातीत खसखस हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारा माल आहे, नुसते विमान बदलणाऱ्यालाही त्यात सूट नाही. खसखस करंजीच्या सारणात असते, आपल्या कांदा-लसूण मसाल्यातही असते, हे ऐनवेळी कुणाच्या लक्षात येत नाही. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा खुशाल ने. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेव.

तुझ्या विट्याच्या सासऱ्यांनी येताना दुबईच्या विमानतळावरून सोने आणायला सांगितले आहे, असे स्नेहल म्हणाली. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यातला माणूस भाव बघणारच. पण बिनशुल्क दागिने आणायची सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना आहे, थोड्या दिवसांच्या प्रवाशाला नाही. त्यांना नम्रपणे नाही म्हण. स्नेहल आणि वहिनीने मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्यांपलीकडे काही घालू नये. घालायचेच असेल तर जाताना मुंबईला सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून त्याचा दाखला घ्यावा.

पैशांचे थोडक्यात सांगते. थोडे फ्रँक रोख आणि बाकी कार्डावर. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमध्ये आधी चालू करावा लागतो. तिकडे दुकानदार 'रुपयांत घेऊ का?' असे विचारेल, तर फ्रँकमध्येच घ्या म्हण, रुपयांचा दर ते आपल्या सोयीने लावतात. बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचे रोमिंग निघण्याआधी सुरू कर, नाहीतर पैसे असून हात बांधलेले. यात्रा कंपनीकडून जायचे ठरवलेस तरी मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. केसरीभाऊ पाटलांनी १९८४ साली कंपनी काढली, तेव्हापासून कितीतरी मराठी आई-वडील असेच जग बघून आले. जेवण आपले मिळते, बोलणे आपल्या भाषेत होते. फक्त पैसे भरण्याआधी सहल रद्द केली तर किती परत मिळतात ते वाच. पॅकेजवर टीसीएस नावाचा कर घेतील, तो विवरणपत्र भरताना वळता करून घे.

वडूजहून पुसेगाव, कोरेगाव, सातारा, मग खंबाटकी, पुणे आणि द्रुतगती मार्ग. या वाटेवर कुठे काय अडेल ते सांगता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी निघा आणि मुक्कामाला पुण्यात माझ्याकडे या. तिकीट काढतानाच दादासाठी चाकाची खुर्ची मागून ठेव. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि लांब विमानतळावर गुडघे वाचतात. दादा लाजेल, तरी माग. विमान बदलायचे असेल तर एकाच तिकिटावर आणि मध्ये तीन तास तरी असू दे. युरोपात आता पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांगेला वेळ लागतो, त्यामुळे उतरल्या दिवशी काहीही ठरवू नकोस.

आणि मग तिथले दिवस. नऊ दिवसांत पाच देश हा बेत सोडून दे. ल्युसर्नला एकच घर घे, स्वयंपाकघर असलेले, आणि तिथूनच रोज फिरा. दिवसाला एकच मोठी गोष्ट, बाकी वेळ मोकळा. मेमध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, घाई कशाला? रविवारी दुकाने बंद असतात, तेवढे वाणसामान शनिवारी आणून ठेव. नळाचे पाणी सगळीकडे पिता येते. ओवीला सरोवराच्या काठी दोन तास दगड मारत बसावेसे वाटले तर बसू दे. दादाला एखाद्या गोठ्यापाशी थांबून गाई बघाव्याशा वाटल्या, तर पुढची गाडी सोड आणि त्याच्याबरोबर थांब. सहा महिने जी मेहनत घ्यायची ती त्या तासासाठी.

घरच्या गाईंची धार कोण काढणार, हेही आत्ताच ठरव. दादाच्या मनाला पटेल अशा माणसाला एप्रिलमध्येच आठवडाभर बोलावून हात बसवून घे. ते नीट झाले नाही तर दादा तिकडून रोज फोन करत बसेल.

येत्या रविवारपर्यंत दादा-वहिनींचे आधार, पॅन आणि शाळेचे दाखले यांचे फोटो मला पाठव. नावे आणि तारखा मी स्वतः ताडून बघते, आणि अर्ज या महिन्यातच भरू.

तुझी,
आत्या