छातीतला खळगा

आमची पी.टी. बनियनवर होते आणि पोहण्याच्या तासाला बनियनही नसतो. त्यामुळे माझ्या छातीच्या मधोमध खळगा आहे हे सगळ्या हाऊसला ठाऊक आहे. "यात चहा मावेल का?" हा प्रश्न मला आतापर्यंत चार भाषांत विचारून झाला आहे.

या खळग्याचे वैद्यकीय नाव पेक्टस एक्स्कॅव्हेटम. बरगड्यांना उरोस्थीशी जोडणाऱ्या कूर्चा नीट वाढत नाहीत आणि उरोस्थी आत दबते. मुलींपेक्षा मुलांत हे जास्त आढळते. उंची झपाट्याने वाढते त्या वयात, म्हणजे नेमके कॅडेट असताना, खळगा खोल दिसू लागतो.

अमेरिकेचा जलतरणपटू कोडी मिलर याची छातीही अशीच आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्य आणि मेडले रिलेत सुवर्णपदक मिळवले, तेही उघड्या छातीने, साऱ्या जगासमोर.

पुशअप्सनी खळगा भरत नाही. तो हाडाचा आहे. खरी पंचाईत वेगळीच होते: छाती लपवायला आपण खांदे पुढे ओढतो, पाठीला पोक येते आणि खळगा आणखी खोल दिसतो. नुसते छातीचेच व्यायाम केले तर खांदे अजून पुढे येतात. म्हणून मी पाठीवर भर देतो. चिनअप्स, दोन्ही खांद्यांची पाती मागे जुळवणे, दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणणे आणि शेवटी सावकाश, खोल श्वास. उस्तादांचे "सीना बाहर!" हे माझ्यासाठी फुकटचे फिजिओथेरपीच आहे.

मात्र धावताना इतरांपेक्षा लवकर धाप लागली, छातीत दुखले, चक्कर आली तर लाजू नका, त्याच दिवशी एम.आय. रूम गाठा. सीटी स्कॅनवर छातीची आतली रुंदी आणि उरोस्थी ते मणका हे अंतर यांचे गुणोत्तर काढतात. सामान्यतः ते २.५ च्या आसपास असते, ३.२५ च्या वर गेले तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिच्यात उरोस्थीखाली धातूची पट्टी बसवतात. ती साधारण दोन ते चार वर्षे आत राहते आणि बॉक्सिंगसारखे खेळ टाळावे लागतात. पालकांनी ती ठरवण्याआधी सैन्यभरतीच्या वैद्यकीय निकषांबद्दल सेनेच्या डॉक्टरांना जरूर विचारावे. एन.डी.ए.साठी छाती किमान ५ सेंटीमीटर फुगावी लागते. माझी किती फुगते ते मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेपने मोजतो.