क्रूस खांद्यावर, तलवार हातात



क्रूसयुद्धांचा विषय निघाला की आपण गप्प बसतो. कॉलेजात शिकणारी आपली मुले मात्र सरळ विचारतात, "प्रभू येशूच्या नावाने माणसे लढायला गेलीच कशी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी त्या माणसांच्या मनात काय होते, ते समजून घेऊ या.

२७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधील क्लेर्माँ येथे पोप दुसरे अर्बन यांनी पहिल्या क्रूसयुद्धाची हाक दिली. त्याच वर्षी मार्च महिन्यात कॉन्स्टँटिनोपलचे सम्राट आलेक्सियस यांच्या दूतांनी तुर्कांविरुद्ध मदत मागितली होती. पोपमहोदयांनी या मदतीला जेरुसलेमच्या यात्रेची जोड दिली.

"ते लुटीसाठी आणि जमिनीसाठी गेले," असे सर्रास म्हटले जाते. काहींच्या मनात लोभ होताच. पण घोडे, शस्त्रे, शिधा यांचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागे. नॉर्मंडीचे ड्यूक रॉबर्ट यांनी आपला सारा प्रांत १०,००० मार्क चांदीसाठी भावाकडे गहाण टाकला. जे वाचले त्यांतील बहुतेक जण जेरुसलेम जिंकल्यावर घरी परतले. फायद्याचा धंदा म्हणून हे सगळे पटत नाही.

मग ते का गेले? अनेकांच्या बाबतीत मोठे कारण होते पापाचे भय. सरदाराचा पेशाच मारण्याचा. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर तर विजयी नॉर्मन सैनिकांनाही, ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष, असे प्रायश्चित्त ठरवून दिले गेले. अशा माणसाने तारण कसे मिळवावे? शस्त्र टाकून मठात जावे, हा एक मार्ग होता. क्लेर्माँच्या धर्मसभेने दुसरा मार्ग दाखवला: मान किंवा पैसा यांसाठी नव्हे, तर केवळ भक्तीने जो जेरुसलेमच्या ख्रिस्तसभेच्या मुक्ततेसाठी जाईल, त्याचा प्रवास सर्व प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल. लोकांनी कपड्यांवर कापडी क्रूस शिवले. कुणी भावासोबत निघाला, कुणी धन्यासोबत.

म्हणजे भक्ती खरी होती. आणि तरीही काय घडले? १०९६ साली ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ शहरांत क्रूस धारण केलेल्या टोळ्यांनी यहुदी कुटुंबांची कत्तल केली. श्पायरच्या बिशपांनी मात्र आपल्या शहरातील बहुतेक यहुद्यांना वाचवले. ८ जुलै १०९९ रोजी क्रूसयोद्धे अनवाणी, प्रार्थना करीत जेरुसलेमभोवती मिरवणुकीने फिरले. एका आठवड्याने, १५ जुलैला, त्यांनी नगरात शिरून मुसलमान आणि यहुदी यांची प्रचंड कत्तल केली आणि मग प्रभूच्या कबरेपाशी जाऊन उपकारस्तुती केली.

बंधुभगिनींनो, आम्हाला सर्वांत अस्वस्थ करते ते हेच. ही माणसे ढोंगी असती तर प्रश्न सोपा होता. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की हेतू चांगला असला म्हणून कृती चांगली ठरत नाही. कृती स्वतः, तिचा हेतू आणि तिची परिस्थिती, तिन्ही चांगली हवीत. निरपराध्याचा जीव घेणे कोणत्याही भक्तीने पवित्र होत नाही.

त्याच काळात दुसरी वाटही होती. १२१९ साली, पाचव्या क्रूसयुद्धात, असिसीचे संत फ्रान्सिस इजिप्तमधील दामिएत्ता येथे हातात शस्त्र न घेता सुलतान अल-कामिल यांना भेटले आणि सुखरूप परत आले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी केलेल्या हिंसेबद्दल देवाकडे क्षमा मागितली.

तेव्हा मुलांनी विचारले तर विषय टाळू नका. ती माणसे का गेली तेही सांगा आणि त्यांनी काय केले तेही सांगा. आणि या आठवड्यात कुटुंबाच्या प्रार्थनेत एक प्रश्न स्वतःला विचारू या: "हे मी देवासाठी करतो," असे म्हणत आपण कुणाला दुखावत तर नाही ना?