लाकूड कुरतडणारा घोडा आणि रिकामी गव्हाण

नागपूरलगतच्या बेसा, घोगली, पिपळा या पट्ट्यात शेतांचे ले-आउट झाले, ले-आउटांवर घरे चढली आणि घोडा पाळणाऱ्याच्या वाट्याला पत्र्याचे छप्पर, चार खांब आणि एक गव्हाण एवढेच उरले. वरातीची घोडी असो की हौसेने आणलेला मारवाडी, दिवसाचा बहुतेक वेळ त्याला त्याच चौकटीत काढावा लागतो. मग एखाद्या सकाळी गव्हाणीची वरची फळी खरबडलेली दिसते. कड दातांनी ओरबाडून खाली गेलेली, तंतू उभे राहिलेले, खाली भुशात लाकडाच्या कपच्या. मालक म्हणतो, जनावर कंटाळले आहे, त्याला काहीतरी करमणूक हवी. चेंडू टांगला जातो, जुना टायर आणला जातो आणि चार दिवसांनी घोडा टायर सोडून पुन्हा फळीकडे वळतो. माझे म्हणणे असे की कंटाळ्याचे निदान अर्धेच खरे आहे. घोड्याची मुख्य करमणूक म्हणजे चघळणे. ती त्याच्यापासून काढून घ्यायची आणि बदल्यात खेळणे द्यायचे, हा सौदा त्याला पटत नाही.

मोकळ्या रानातला घोडा दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास चरतो. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचे, आणि त्यात आम्ल सतत पाझरत असते, मग पोटात काही असो वा नसो. ते आम्ल शमवणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. आता तबेल्यातला हिशेब मांडून पाहा. एक किलो सुका लांब चारा खायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटे लागतात, तर एक किलो चंदी दहा मिनिटांत संपते. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज चार किलो चंदी आणि तीन किलो चारा दिला, तर तिचे चावण्याचे काम 160 मिनिटांत, म्हणजे पावणेतीन तासांच्या आतच आटोपते. उरलेल्या एकवीस तासांत जबडा रिकामा, जठरात आम्ल आणि तोंडासमोर सागवानी फळी. तिने फळी खाल्ली नाही तरच नवल.

म्हणून पहिला उपाय गव्हाणीत आहे. सुक्या वजनाने धरले तर घोड्याला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा रोज लागतो. साडेतीनशे किलोच्या जनावराला म्हणजे पाच ते सात किलो. हा चारा दोन वेळा ढिगाने न टाकता चार-पाच वेळा विभागून द्यावा आणि रात्रीचा वाटा सर्वांत मोठा ठेवावा, कारण संध्याकाळी सात ते सकाळी सात ही पोकळीच फळीचा सर्वाधिक घास घेते. कुट्टी करण्याची आपल्याकडे सवय आहे. बैलाला ती ठीक, पण घोड्यासाठी लांब चारा बरा, कारण तो अधिक वेळ पुरतो. बारीक छिद्रांच्या जाळीत भरून टांगला तर आणखी वेळ जातो. जाळी मात्र इतकी उंच बांधावी की रिकामी होऊन लोंबली तरी तिच्यात खूर अडकणार नाही. एकाच प्रकारच्या चाऱ्यापेक्षा दोन-तीन प्रकार वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवले तर घोडा इकडून तिकडे फिरून खातो. थोडा कडबा, थोडे वाळलेले हरळीचे गवत, मूठभर लसूणघास एवढे पुरते. तबेल्यातल्या घोड्यांवर 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासातही चाऱ्याचे प्रकार वाढवल्यावर चरण्यासारखी हालचाल वाढल्याचे दिसले होते. नुसत्या गव्हांड्यावर भागवू नये. तो कोरडा आणि कमकस असतो, आणि पाणी कमी पडले तर आतड्यात गच्च बसतो. कोवळी हिरवी ज्वारी तर दूरच ठेवावी, तिच्यात सायनाइडचे विष असते.

यावर वरातवाले हमखास एक आक्षेप घेतात. एवढा चारा घातला तर पोट सुटेल, घोडी सजवल्यावर देखणी दिसणार नाही. चाऱ्याने पोट भरलेले दिसते हे खरे, पण चरबी चढते ती चंदीने. लग्नसराईत रात्री-बेरात्री नाचणाऱ्या, चालणाऱ्या घोडीला चंदी लागते. चातुर्मासात लग्ने थांबतात, घोडी खुंट्याला उभी राहते आणि चंदी मात्र तेवढीच चालू राहते. तिथेच गणित बिघडते. त्या महिन्यांत चंदी कमी करून तिच्या वाचलेल्या पैशांत चारा घ्यावा. एवढा चारा परवडत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याचे उत्तरही बरेचसे त्यातच आहे. बदल एकदम करू नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. आणि नेमका पावसाळाच धोक्याचा असतो, कारण थंड, ओल्या हवेत घोडे लाकडावर जास्त तुटून पडतात असे निरीक्षण आहे. काम नाही, हवा ओली आणि चारा महाग, असे तिन्ही योग आषाढ-श्रावणात एकत्र येतात. शिवाजी महाराजांनी 1670 च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात दाणावैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमच्या माथी येईल, असा स्पष्ट इशारा आहे. शिवाय गवताच्या गंजीला दिव्याने किंवा विस्तवाने आग लागेल, याचीही काळजी आहे. इतक्या बारकाईने चाऱ्याचा विचार करणारा राज्यकर्ता विरळा. कडबा निघाला की स्वस्त असताना भरून ठेवावा, जमिनीपासून वर रचावा, आणि बुरशी आलेली पेंढी दया न दाखवता फेकून द्यावी.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. फळीवर लोखंडी अँगल मारला, मिरचीचा लेप लावला की प्रश्न मिटला, चारा-बिरा कशाला? अँगल मारायला माझी हरकत नाही, उलट मारावाच, कारण कपची तोंडात रुतते आणि गिळली तर पोटशूळ उठू शकतो. पण अँगल लाकूड वाचवतो, घोड्याची गरज मिटवत नाही. तो मग दोरी खातो, शेजारच्या घोड्याची शेपटी खातो, नाहीतर माती चाटतो. मिरचीचा लेप पहिल्या पावसात धुऊन जातो आणि काही जनावरांना त्याची सवयही होते. गळपट्टा बांधून तोंड अडवण्याबाबत तर अभ्यास आहे. 1998 मध्ये मॅकग्रीव्ही आणि निकोल यांनी कडेला दात टेकून हवा ओढणाऱ्या घोड्यांना चोवीस तास तसे करू दिले नाही. मोकळे सोडल्यावर त्यांनी आधीपेक्षा जास्त वेळा तेच केले.

इथे दोन सवयींत गल्लत होऊ देऊ नये. लाकूड खाणारा घोडा फळी खरोखर कुरतडतो. दुसरा घोडा वरचे दात कडेवर टेकवतो, मान कमानीसारखी ताणतो, गळ्याखालचे स्नायू फुगवतो आणि घशातून घुर्र असा आवाज काढत हवा ओढतो. लाकूड तोही झिजवतो, पण त्याचे समोरचे दात तिरपे घासलेले आढळतात. पहिल्याला चारा आणि मोकळीक दिली तर बराच फरक पडतो, दुसऱ्याची सवय एकदा मुरली की सहसा सुटत नाही. घोडा विकत घेताना हे पाहणे अगत्याचे आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत जनावर मोकळ्यावर, लोखंडी मेखेला बांधलेले असते, तिथे दोष दिसणार कसा? ओठ उचलून समोरच्या दातांची कड पाहावी आणि शिंगराला आईपासून कधी तोडले, तोडल्यावर चंदी किती घातली, हे विचारावे. इंग्लंडमध्ये 225 शिंगरांवर चार वर्षे ठेवलेल्या नोंदींत सुमारे तीस टक्के शिंगरे लाकूड कुरतडू लागली. तोडल्यानंतर ज्यांना चंदी दिली, त्यांच्यात कडेला दात टेकण्याची सवय लागण्याचा संभव चौपट निघाला. तरीही काही घोडे पोटभर चारा मिळूनही थोडेफार लाकूड खातच राहतील. त्यात मालकाचा दोष नाही. आणि दात टेकण्याची सवय बघून बघून लागते या समजुतीपायी तशा घोड्याला एकटे बांधण्यातही अर्थ नाही. तसा ठोस पुरावा नाही, उलट एकटेपणानेच ती वाढते. दुसरा घोडा परवडत नसेल तर शेळी बांधावी, पण तिला त्याच्या गव्हाणीत तोंड घालू देऊ नये.

बेसा परिसरात एक धोका वेगळा आहे, कारण इथे बांधकाम थांबत नाही. कुंपणाला सेंट्रिंगचे जुने प्लाय आणि पॅकिंगच्या फळ्या स्वस्तात मिळतात. प्लायला डिंक, तेल, सिमेंट आणि खिळे असतात. पॅलेटवर एमबी असा शिक्का असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडने धुरी दिलेले लाकूड आहे, ते वापरू नये. वाळवी लागू नये म्हणून खांबांना जळके ऑइल फासतात, तेही घोड्याच्या तोंडाजवळ नको. 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम झाली, पण जुन्या दाराच्या फळीवर कोणता रंग आहे हे कोण सांगणार? कंपाउंडची शोभा म्हणून लावलेली कण्हेर तर मुळासकट काढावी, तिची थोडी पानेही घोड्याला मारतात. सुबाभूळ शेळीला चालते, पण घोड्याने रोज खाल्ली तर आयाळ आणि शेपटीचे केस झडतात.

या सगळ्यानंतर खेळणे आले. चेंडू टांगा, गाजर टांगा, पण दोन-तीन दिवसांनी बदला. त्याहून मोठी करमणूक म्हणजे पाय मोकळे करणे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पहाटे आणि सूर्य कलल्यावर फिरवावे, खरारा सावकाश करावा. मीठ मिळत नसेल तर सैंधवाचा खडा गव्हाणीत टाकावा. तरीही कुरतडणे एकाएकी वाढले तर दात आणि जंत तपासून घ्यावेत. सेमिनरी हिल्सवरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय काही फार दूर नाही. घोडा लीद टाकायचा थांबला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, वारंवार कुशीकडे वळून पाहू लागला तर चारा काढून घ्यावा, डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे, आणि तोवर शेजारी-पाजारी कितीही आग्रह करोत, नळीने तेल पाजू नये. ते फुप्फुसात उतरू शकते आणि घोड्याला उलटी करता येत नसल्याने पोटात गेलेले काहीही परत येत नाही.