बुद्धिमत्ता चाचणीतील संदिग्ध शब्दरचना

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी प्राथमिक शाळांतून बुद्धिमत्ता चाचणीचे सराव प्रश्न घेतले जातात. २०१७ साली इयत्ता पाचवीसाठी झालेल्या परीक्षेत या विषयास ५० प्रश्न व १०० गुण होते. म्हणजे एका प्रश्नाचे मोल दोन गुणांचे. एवढ्याशा अंतरानेही एखाद्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हुकू शकते. अशा वेळी ज्या प्रश्नाची भाषाच दुहेरी अर्थाची आहे, तो प्रश्न विद्यार्थ्याची विचारशक्ती मोजीत नाही. प्रश्नकर्त्याच्या मनातील अर्थ त्यास ओळखता आला की नाही, एवढेच तो मोजतो.

प्रथम कठीण प्रश्न व संदिग्ध प्रश्न यांतील भेद ध्यानी घ्यावयास हवा. "पाऊस पडला की अंगण ओले होते. आज अंगण ओले आहे. तर आज पाऊस पडला, हे निश्चित आहे काय?" या प्रश्नास पुष्कळ मुले 'होय' असे उत्तर देतात. वस्तुतः सडा घातल्यानेही अंगण ओले होते. म्हणून 'निश्चित सांगता येत नाही' हेच उत्तर योग्य होय. हा प्रश्न फसवा वाटला तरी संदिग्ध नाही. त्यातील वाक्यांचा अर्थ एकच आहे. चूक होते ती अनुमानात. संदिग्ध प्रश्नात मात्र अनुमान निर्दोष असूनही उत्तर चुकीचे ठरते. मराठीत अशी संदिग्धता पुढील स्थळी विशेषेकरून आढळते.

(१) नकार : "सर्व मुले शाळेत आली नाहीत." या वाक्याचा अर्थ 'एकही मूल आले नाही' असाही होतो व 'काही आली, काही आली नाहीत' असाही होतो. बोलताना आवाजाच्या चढउताराने अर्थ कळतो. छापील प्रश्नात ती सोय नाही. म्हणून जो अर्थ अभिप्रेत असेल तोच स्पष्ट शब्दांत लिहावा.

(२) सर्वनाम : "रामाने गोविंदाला त्याची पाटी दिली." येथे पाटी गोविंदाची, की तिसऱ्याच कोणाची? रामाची असल्यास 'आपली पाटी' असे म्हणावे. अन्यथा मालकाचे नाव पुन्हा लिहावे. पुनरुक्ती झाली तरी चालेल, संशय राहता कामा नये.

(३) गणना : "सोमवारपासून तिसरा दिवस कोणता?" सोमवार धरला तर बुधवार, न धरला तर गुरुवार. 'सोमवार धरून' किंवा 'सोमवारनंतरचा' असे लिहिले की वाद मिटतो.

(४) नाती : "रमेशचे काका त्याच्या वडिलांचे कोण?" अपेक्षित उत्तर 'भाऊ'. परंतु मावशीच्या यजमानांसही काका म्हणण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि ते वडिलांचे साडू होत. पर्यायांत 'भाऊ' व 'साडू' दोन्ही असतील, तर आपल्या घरची रीत सांगणारे मूल विनाकारण गुण गमावते.

(५) विसंगत पद : २, ५, ९, ११ यांत ९ ही एकच संख्या मूळ संख्या नाही, पण २ ही एकच सम संख्या आहे. दोन्ही उत्तरांस सबळ कारण आहे. २ च्या जागी ३ घातल्यास हा दोष दूर होतो.

सराव प्रश्न काढताना शिक्षकांनी एक साधी कसोटी लावावी. उत्तर ठरविल्यानंतर उरलेल्या प्रत्येक पर्यायाची बाजू घेऊन तो खरा ठरविता येतो काय, हे पाहावे. ठरविता आला, तर प्रश्न दुरुस्त करावा. तो प्रश्न उत्तरसूची न दाखविता सहकारी शिक्षकाकडून सोडवून घेणेही हितावह होय.

विद्यार्थ्याने वेगळे उत्तर दिल्यास त्यावर फुली मारण्यापूर्वी 'कशावरून?' असे विचारावे. कारण निराधार असेल तर चूक समजावून द्यावी. सयुक्तिक असेल तर गुण द्यावेत व प्रश्नातील दोष वर्गात उघड सांगावा. प्रत्यक्ष परीक्षेत मात्र अशा प्रश्नापाशी वेळ न दवडता, आपल्या पदरचे काही कमीत कमी गृहीत धरावे लागेल असा पर्याय निवडून पुढे जाण्याची सवय मुलांस लावावी. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद परीक्षेनंतर अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करून आक्षेप मागविते व त्यानंतर अंतिम उत्तरसूची जाहीर करते. शंकास्पद प्रश्नाविषयी मुदतीत, कारणांसह आक्षेप नोंदविणे हे शिक्षकांचे कर्तव्य समजावे. कारण दहा वर्षांच्या मुलास स्वतःची बाजू मांडण्याचे दुसरे साधन नसते.

योग्य विचार करूनही वारंवार चूक ठरलेले मूल हळूहळू विचार करणे सोडते आणि शिक्षकाच्या मुद्रेवरून उत्तर ताडू लागते. ही हानी दोन गुणांहून फार मोठी आहे.